नोटिशीचे कलम आणि न्यायालयाचे नियम : सरकारविरुद्धच्या दाव्यात कोणाचे चालते?

प्रश्न : जिल्ह्याच्या ठिकाणी रस्त्यालगत माझी वडिलोपार्जित जागा असून तिच्यावर दोन गाळे आणि कुंपणभिंत होती. रस्ता रुंदीकरणाच्या वेळी महापालिकेच्या पथकाने, सार्वजनिक बांधकाम विभागाचे अभियंते हजर असताना, मला काहीही न कळवता एक गाळा आणि भिंत पाडली. दुसरा गाळा वाचावा म्हणून तीन आठवड्यांच्या आत मी दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्या न्यायालयात मनाई आणि नुकसानभरपाई अशा दोन्ही मागण्यांचा दावा लावला. घाई असल्याने आधी कोणालाच नोटीस दिली नाही. शासनापुरता दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८०(२) चा, म्हणजे नोटिशीविना दावा लावण्याच्या परवानगीचा, अर्ज वादपत्रासोबत (दावा मांडणाऱ्या अर्जासोबत) दिला. सरकारी वकिलांचे म्हणणे ऐकून न्यायालयाने 'जैसे थे'चा हुकूम दिला व तो अजून चालू आहे. दाव्याला आता चार महिने झाले. शासन कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) न देता तारखा घेत आहे. महापालिकेने मात्र कैफियत देऊन नोटिशीअभावी दावा चालणार नाही असा आक्षेप घेतला आहे. परदेशात शिकणाऱ्या माझ्या भाच्याने अमेरिकेतील एका निकालाची माहिती पाठवली असून, तिथे दाव्यापूर्वी नोटीस मागणारा कायदा न्यायालयाच्या नियमांशी विसंगत म्हणून टिकला नाही. आमच्या ओळखीचे एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारीही सांगतात की मुंबई उच्च न्यायालयाचे नियम दिवाणी प्रक्रिया संहितेपेक्षा वरचढ आहेत, असे सर्वोच्च न्यायालयानेच म्हटले आहे. मग नियमांच्या आधारे नोटिशीचा आक्षेप बाजूला सारता येईल का? आणि त्याच नियमांनी शासनाची कैफियत बंद करता येईल का?

उत्तर : आपल्या पत्रातील एक बाब तातडीची असल्याने ती या उत्तराच्या प्रसिद्धीची वाट न पाहता आपल्याला स्वतंत्रपणे कळवली आहे. ती महापालिकेविरुद्धच्या सहा महिन्यांच्या मुदतीची असून तिच्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे. आधी मुख्य प्रश्नाचे उत्तर देतो. न्यायालयाचा नियम कायद्यावर मात करतो असा सरसकट सिद्धांत आपल्याकडे नाही. नियमाला जे बळ मिळते ते कुठल्या तरी कलमाने दिलेले असते, आणि ते कलम जेवढे देते तेवढेच बळ त्याला असते. त्यामुळे नियम आणि कलम यांच्यात विरोध दिसला की हा नियम कोणत्या कलमाखाली केला आहे आणि ते कलम त्याला कुठपर्यंत जाऊ देते, एवढेच पाहायचे असते. या कसोटीवर आपला नोटिशीचा युक्तिवाद टिकत नाही. कैफियतीचा काही अंशी टिकतो.

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ ही दोन भागांत आहे. पहिल्या भागात कलमे आहेत. दुसरा भाग म्हणजे पहिली अनुसूची, ज्यात आदेश आणि त्यांखालचे नियम येतात. आपल्या वकिलांच्या तोंडी वारंवार येणारा 'आदेश ८ नियम १' किंवा 'आदेश ३९' हा सारा या अनुसूचीचा भाग आहे. कलम १२२ नुसार उच्च न्यायालयाला या अनुसूचीतील नियम बदलता येतात, रद्द करता येतात, त्यांत भर घालता येते. त्यासाठी आधी मसुदा प्रसिद्ध करावा लागतो, राज्य शासनाची पूर्वमान्यता घ्यावी लागते आणि नंतर राजपत्रात प्रसिद्धी होते. म्हणजे अनुसूचीपुरते बोलायचे तर उच्च न्यायालयाचा नियम संसदेने घातलेल्या नियमाची जागा घेऊ शकतो, आणि आपल्या परिचितांच्या म्हणण्यात तथ्य आहे ते इथपर्यंत. पण कलम १२८ लगेच मर्यादा घालते : असे नियम संहितेच्या मुख्य भागातील तरतुदींशी विसंगत असता कामा नयेत. शासनाविरुद्ध दावा लावण्यापूर्वी दोन महिन्यांची नोटीस द्यावी ही तरतूद कलम ८० मध्ये, म्हणजे मुख्य भागात आहे. ती अनुसूचीतला एखादा नियम असती तर उच्च न्यायालयाने ती शिथिल करण्याचा प्रश्न तरी उद्भवला असता. कलम असल्याने तो उद्भवतच नाही.

संविधानाची भूमिकाही वेगळी नाही. अनुच्छेद २२५ उच्च न्यायालयाचे नियम करण्याचे अधिकार कायम राखताना ते विधिमंडळाच्या कायद्याच्या अधीन ठेवतो. अनुच्छेद २२७ खालच्या न्यायालयांसाठी नियम करण्याचा अधिकार देताना ते अमलात असलेल्या कायद्याशी विसंगत नसावेत आणि त्यांना राज्यपालांची पूर्वमान्यता असावी, असे स्पष्ट सांगतो.

आता आपल्या परिचितांनी सांगितलेला निकाल. तो खरा आहे, आणि महत्त्वाचाही आहे. इरिडियम इंडिया टेलिकॉम विरुद्ध मोटोरोला या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली ठरवले की मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ दिवाणी अधिकारितेतील, म्हणजे अपिलाने न येता थेट त्याच न्यायालयात लावलेल्या, दाव्यांना त्या न्यायालयाचे स्वतःचे मूळ शाखा नियम लागू होतील. २००२ च्या दुरुस्तीने आदेश ८ नियम १ मध्ये आलेली कैफियतीची कडक मुदत त्या दाव्यांना आपोआप लागू होणार नाही. याचे कारण कलम १२९ मध्ये आहे. सनदेने (ब्रिटिश राजवटीतील स्थापनापत्राने) स्थापन झालेल्या उच्च न्यायालयांना आपल्या मूळ दिवाणी कामकाजाचे नियम करण्याचा अधिकार ते कलम 'या संहितेत काहीही अंतर्भूत असले तरी' अशा शब्दांनी देते, आणि अट एवढीच घालते की ते नियम सनदेशी किंवा न्यायालयाची स्थापना करणाऱ्या कायद्याशी विसंगत नसावेत. म्हणजे नियम वरचढ ठरला तो न्यायालयाने केला म्हणून नव्हे. संहितेनेच एका ठरावीक जागी स्वतःहून मागे सरून त्याला वाट दिली, म्हणून तो ठरला. ती जागा म्हणजे मुंबईतील उच्च न्यायालयाची मूळ शाखा. आपला दावा जिल्ह्यातील वरिष्ठ स्तर न्यायालयात आहे. तिथे कलम १२९ चा काही संबंध येत नाही, आणि कलम १२२ व १२८ ची चौकटच लागू होते.

शिवाय मूळ शाखेतही हे वरचढपण कायमचे नाही. वाणिज्यिक न्यायालये अधिनियम, २०१५ च्या कलम १६ ने ठरावीक मूल्यावरील वाणिज्यिक दाव्यांपुरते उलट सांगितले : उच्च न्यायालयाचा नियम आणि या कायद्याने सुधारलेली संहिता यांत विरोध आल्यास सुधारलेली संहिता चालेल. त्यामुळे अशा दाव्यात कैफियतीसाठी १२० दिवसांची अंतिम मर्यादा येते आणि ती ओलांडल्यावर कैफियत दाखल होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. एकाच इमारतीत, एकाच न्यायमूर्तींपुढे, एका दाव्यात नियम चालतो आणि दुसऱ्यात कायदा. फरक फक्त दावा कोणत्या प्रकारचा आहे याचा. आणखी एक गोष्ट : मूळ शाखेतील दाव्यांना संहितेची कोणती कलमे लागू नाहीत हे कलम १२० सांगते. तिथे १६, १७ आणि २० एवढीच कलमे आहेत. ८० त्यात नाही. म्हणजे आपण मुंबईत मूळ शाखेत दावा लावला असता, तरी इरिडियमच्या निकालाने नोटिशीतून सुटका झाली नसती.

भाच्याने पाठवलेल्या निकालाची गोष्ट अधिक बोलकी आहे, कारण तो निकाल अर्धाच सांगितला गेला आहे. वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये वैद्यकीय हलगर्जीच्या एका प्रकरणात ठरवले की दाव्यापूर्वी ९० दिवसांची सूचना सक्तीची करणारी तरतूद, दावा कसा सुरू होतो हे सांगणाऱ्या न्यायालयीन नियमाशी विसंगत आहे. कार्यपद्धती ठरवणे हे तिथे न्यायसंस्थेचे क्षेत्र मानले जात असल्याने ती तरतूद टिकली नाही. पण त्याच न्यायालयापुढे २०१३ मध्ये सरकारी रुग्णालयाविरुद्धचे प्रकरण आले, तेव्हा तीच सूचना राज्याविरुद्धच्या दाव्यापुरती वैध ठरली. कारण राज्याविरुद्ध दावा कोणत्या पद्धतीने लावायचा हे ठरवण्याचा अधिकार त्या राज्याच्या घटनेने विधिमंडळाला दिलेला आहे. म्हणजे ज्या देशात न्यायालयाचा नियम कायद्यावर मात करू शकतो, तिथेही प्रतिवादी सरकार असताना नोटिशीची अट उभी राहिली. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद ३०० मध्येही शासनाने कोणत्या नावाने दावा लावावा व त्याच्यावर कोणत्या नावाने दावा लागावा हे सांगताना, ते संसद किंवा विधिमंडळ करील त्या कायद्याच्या अधीन ठेवले आहे. तेव्हा भाच्याचे आभार मानावेत, पण तो कागद न्यायालयात दाखल करण्याच्या फंदात पडू नये. सरकारी वकिलांनी पुढचा निकाल वाचलेला असला तर आपलेच साधन आपल्यावर उलटेल.

कलम ८० विषयी न्यायालये ढिली पडली नाहीत असे नाही; ती पडली होती, आणि तीही मुंबईतच. मनाईच्या दाव्यात दोन महिने थांबायला लावणे म्हणजे हानी होऊ देणे, म्हणून अशा दाव्यांना नोटीस लागत नाही, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात घेतली होती. न्यायाच्या दृष्टीने तिच्यात चूक काढणे अवघड आहे. पण १९२७ मध्ये मुंबई इलाख्यातूनच गेलेल्या एका अपिलात प्रिव्ही कौन्सिलने (त्या काळच्या लंडनमधील सर्वोच्च अपील न्यायपीठाने) ती मोडून काढली : कलमाची भाषा स्पष्ट आणि सक्तीची आहे, तिच्यात ध्वनित अपवाद वाचता येणार नाहीत, मनाईच्या दाव्यालाही नाही. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षे तातडीच्या प्रकरणात पक्षकारांची कोंडी होत राहिली, आणि ती सुटली ती न्यायालयाच्या नियमाने नव्हे, तर संसदेने १९७६ च्या दुरुस्तीत पोटकलम (२) घातले तेव्हा. त्या पोटकलमाने तातडीच्या दिलाशासाठी न्यायालयाच्या परवानगीने नोटिशीविना दावा लावता येतो. मात्र शासनाला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिल्याखेरीज अंतरिम दिलासा देता येत नाही, आणि तातडी नाही असे न्यायालयाला वाटले तर वादपत्र नोटीस देऊन पुन्हा दाखल करण्यासाठी परत केले जाते. त्याच दुरुस्तीतील पोटकलम (३) मुळे नोटिशीतील किरकोळ उणिवेवर दावा फेटाळता येत नाही, पण वादीचे नाव, वर्णन, राहण्याचे ठिकाण, दाव्याचे कारण आणि मागणी नोटिशीतून पुरेशी कळली पाहिजे. नोटीसच नसली तर या पोटकलमाचा काही उपयोग नाही. नोटिशीचे दोन महिने पुरे होण्याआधी लावलेला दावा टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये बिहारमधील एका प्रकरणात पुन्हा सांगितले.

आता आपल्या कागदांकडे वळू. आपण कलम ८०(२) चा अर्ज दिला, हे योग्य केले. त्यावर हुकूम झाला का, हे पत्रात नाही, आणि सगळे त्यावर अवलंबून आहे. केरळ राज्याच्या एका प्रकरणात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की नुसता अर्ज पुरेसा नाही. परवानगी मिळेपर्यंत दावा रीतसर दाखल झाला असे मानता येत नाही. आपल्या वकिलांना रोजनामा (न्यायालयाच्या कामकाजाची तारीखवार नोंद) पहिल्या तारखेपासून वाचायला सांगा, आणि त्या अर्जाची निशाणी (फायलीतील क्रमांक) शोधून तिच्यावर 'परवानगी दिली' अशा अर्थाचे न्यायाधीशांचे हस्ताक्षरी किंवा टंकलिखित शब्द आहेत का ते पाहा. बऱ्याचदा असे होते की अंतरिम अर्जावर जोरदार सुनावणी होते, 'जैसे थे' मिळते, वादी समाधानाने घरी जातो, आणि नोटीस माफीचा अर्ज 'म्हणणे द्यावे' एवढ्या शेऱ्यासह फायलीत पडून राहतो. आपल्या बाबतीत तसे झाले असेल तर पुढच्याच तारखेला त्या अर्जावर हुकूम मागा. सरकारी वकिलांचे ऐकून दिलासा दिला त्यातच परवानगी आली, असाही युक्तिवाद करता येतो; तो हाताशी ठेवावा, पण त्याच्या भरवशावर दावा सोडू नये.

इथे एका जुन्या महाराष्ट्री कलमाचा उल्लेख करतो, कारण आपल्या परिचितांच्या बोलण्यात ते पुढेमागे येईलच. महाराष्ट्राने संहितेत कलम ९अ घातले होते. त्याच्या मुळाशी मुंबईच्या नगर दिवाणी न्यायालयातील एक प्रघात होता : सरकारविरुद्ध नोटीस न देता दावा लावायचा, तूर्तातूर्त (सुनावणी होईपर्यंतचा तात्पुरता) हुकूम मिळवायचा, नोटिशीचा आक्षेप आला की त्याचा निर्णय पुढे ढकलला जाईल असे पाहायचे, दरम्यान नोटीस देऊन मुदत भरू द्यायची, आणि मग पहिला दावा मागे घेऊन नवा लावायचा. हा उद्योग थांबवण्यासाठी विधिमंडळाने ठरवले की अधिकारितेचा आक्षेप आल्यास अंतरिम अर्जाच्या टप्प्यावरच तो प्राथमिक मुद्दा म्हणून आधी निकाली काढावा. केंद्राच्या १९७६ च्या दुरुस्तीने ते कलम गेले, तर राज्याने १९७७ मध्ये पुन्हा आणले; आणि पुढे या प्राथमिक मुद्द्यांवरच दावे वर्षानुवर्षे अडकू लागले, तेव्हा २०१८ मध्ये राज्यानेच ते वगळले. दिवाणी कार्यपद्धती समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र व राज्य दोघांनाही कायदा करता येणाऱ्या विषयांत, असल्याने राज्याला हे करता आले. तेव्हा कलम ९अ वर आधारलेला कोणताही सल्ला आता जुना समजावा. असाच आणखी एक सावधगिरीचा मुद्दा : उच्च न्यायालयाची एखादी जुनी दुरुस्ती पुस्तकात तिरक्या अक्षरांत छापलेली दिसते म्हणून ती जिवंत आहे असे मानू नये. १९७६, १९९९ आणि २००२ च्या दुरुस्ती कायद्यांनी विसंगत ठरणाऱ्या पूर्वीच्या स्थानिक दुरुस्त्या रद्द केल्या आहेत.

महापालिकेचा आक्षेप यापेक्षा गंभीर आहे. महापालिका म्हणजे शासन नव्हे. त्यामुळे कलम ८० तिला लागू नाही, आणि म्हणूनच कलम ८०(२) ची सवलतही तिच्याविरुद्ध उपयोगाची नाही. तिच्यासाठी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम ४८७ आहे. त्यानुसार अधिनियमाच्या अंमलबजावणीत केलेल्या किंवा तसे भासवून केलेल्या कृत्याबद्दल दावा लावण्यापूर्वी एक महिन्याची लेखी नोटीस लागते, आणि दाव्याचे कारण घडल्यापासून सहा महिन्यांत दावा लावावा लागतो. मुंबईत १८८८ च्या अधिनियमाचे कलम ५२७ याच धर्तीचे आहे. संहितेचे कलम ४ सांगते की विशेष किंवा स्थानिक कायद्याने घालून दिलेल्या खास कार्यपद्धतीला संहिता बाधा आणत नाही. मुदत कायद्याचे कलम २९(२) सांगते की विशेष कायद्याने वेगळी मुदत दिली असेल तर तीच चालेल. तेव्हा सर्वसाधारण तीन वर्षांचा हिशेब इथे लावता येणार नाही, आणि कोणत्याही न्यायालयीन नियमाने हे सहा महिने वाढणार नाहीत.

आपल्या पत्रातील तारखांवरून पाडकामाला पाच महिने होत आले आहेत. म्हणून आपल्याला आधी कळवले, ते असे : महापालिकेच्या मुख्य कार्यालयात आजच रीतसर नोटीस द्यावी. पाडकामाची तारीख, गाळ्याचे माप, मिळकत क्रमांक, पंचनामा झाला असल्यास त्याची प्रत, छायाचित्रे आणि मागणीची रक्कम त्यात असावी, कारण नोटिशीत न मांडलेल्या कारणाविषयी पुढे पुरावा देता येत नाही. आवक विभागात प्रत देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा. शिक्का उमटला पण तारीख पुसट आली तर तिथल्या तिथे पुन्हा मारून घ्यावा, लाजू नये. त्याच दिवशी पोचपावतीसह नोंदणीकृत टपालानेही पाठवावी. नोटिशीचा काळ मुदत कायद्याच्या कलम १५(२) नुसार मुदतीतून वगळला जातो, हा आपल्या बाजूचा मुद्दा आहे. तरीही महिना पुरा होताच दुसऱ्या दिवशी दावा लावण्याची तयारी ठेवावी, वगळलेल्या दिवसांच्या हिशेबावर वाद घालण्याची वेळ आणू नये.

चालू दावा लगेच मागे घेऊ नका. दुसरा गाळा पाडू नये ही मागणी पुढे होऊ शकणाऱ्या कृत्याबद्दल आहे, झालेल्या कृत्याबद्दल नाही, असे आपल्या वकिलांना मांडता येईल. आणि कोणतीही कार्यवाही न करता पाडणे हे अधिनियमाखालचे कृत्यच नव्हते, असेही. दुसऱ्या मुद्द्यावर माझी फारशी भिस्त नाही, कारण कलमात 'तसे भासवून केलेले' कृत्यही येते आणि महापालिकेला तेवढा आधार पुरतो. पहिला मुद्दा बळकट आहे, पण तो नुकसानभरपाईला उपयोगी नाही. म्हणून भरपाईची मागणी नोटीस देऊन स्वतंत्र दाव्यात न्यावी, आणि चालू दाव्यातून ती वगळताना आदेश २३ नियम १ खाली नवा दावा लावण्याची मुभा न्यायालयाकडून लेखी घ्यावी. मुभेविना मागणी सोडली तर ती पुन्हा मागता येत नाही. ही मुभा मिळाली तरी नियम २ नुसार मुदत पहिल्या दाव्यामुळे थांबलेली मानली जात नाही. वर घाई सांगितली आहे ती याच कारणाने.

आणखी एक दुरुस्ती करून घ्यावी. आपल्या पत्रात प्रतिवादी म्हणून 'सार्वजनिक बांधकाम विभाग' असे लिहिलेले दिसते. विभागाला स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व नाही. कलम ७९ प्रमाणे 'महाराष्ट्र राज्य' हाच प्रतिवादी हवा, आणि अधिकाऱ्याला त्याच्या पदाने जोडले असेल तर आदेश २७ नियम ५अ नुसार राज्यालाही जोडावे लागते.

आता आपला दुसरा प्रश्न. शासनाच्या कैफियतीबाबत आपली बाजू बरी आहे, कारण इथे वाद कलम विरुद्ध नियम असा नसून नियम विरुद्ध नियम असा आहे. आदेश ८ नियम १ कैफियतीला ३० दिवस, आणि कारणे नोंदवून ९० दिवसांपर्यंत मुदत देतो. आदेश २७ नियम ५ शासनासाठी वेगळी सोय करतो : वरिष्ठांशी पत्रव्यवहार व्हावा, सरकारी वकिलांना सूचना मिळाव्यात म्हणून न्यायालयाने वाजवी वेळ द्यावा, पण ही वाढ एकूण दोन महिन्यांहून जास्त असू नये. दोन्ही नियम एकाच अनुसूचीत असल्याने कोणता वरचा हा प्रश्नच नाही, ते एकत्र वाचायचे असतात, आणि कसेही वाचले तरी चार महिने बसवणे शासनाला सोपे नाही. मंत्रालयातून सूचना आल्या नाहीत हे कारण त्या दोन महिन्यांत जमा धरलेलेच आहे. ते पुन्हा पुन्हा सांगून नवी मुदत मिळवता येऊ नये.

मात्र कैफियत बंद झाली की दावा जिंकला, असा समज करून घेऊ नका. २००५ मध्ये सेलम ॲडव्होकेट बार असोसिएशनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आदेश ८ नियम १ ची मुदत, वाणिज्यिक नसलेल्या दाव्यांत, सक्तीची नसून मार्गदर्शक आहे असे मानले. अपवादात्मक परिस्थितीत ९० दिवसांनंतरही कैफियत घेता येते. शिवाय कैफियत नसली तरी न्यायालय डोळे मिटून हुकूमनामा (दाव्याचा अंतिम आदेश) करीत नाही, वादीला आपले म्हणणे पुराव्याने शाबीत करावे लागू शकते. माझ्या मते 'कैफियतीविना दावा चालवावा' असा अर्ज जरूर द्यावा, पण त्यात पर्यायी मागणी म्हणून भरीव खर्च मागावा. बहुतेक न्यायालये खर्च लावून कैफियत घेतील, आणि आपल्याला ते चालण्यासारखे आहे. शासनाविरुद्ध एकतर्फी मिळालेला हुकूमनामा अपिलात किती टिकतो याचा अनुभव फारसा उत्साहवर्धक नाही.

त्याच २००५ च्या निकालात शासनाला सहसा आठवत नाही असा एक परिच्छेद आहे. कलम ८० आणि तत्सम तरतुदींखालच्या नोटिशींना मुदतीत उत्तर जाईल याची जबाबदारी असलेला अधिकारी नेमावा, असे केंद्र, राज्य आणि इतर प्राधिकरणांना तिथे सांगितले आहे. उत्तरच दिले नाही, किंवा विचार न करता मोघम उत्तर दिले, तर न्यायालयाने सर्वसाधारणपणे जबर खर्च लावावा आणि तो अधिकाऱ्याकडून वसूल करण्यासह कारवाईचे निर्देश द्यावेत, असेही. आता महापालिकेला जी नोटीस द्याल, तिला उत्तर आले नाही तर नव्या दाव्याच्या वादपत्रात तसे स्पष्ट लिहा आणि खर्चाची मागणी त्या परिच्छेदावर आधारा.

सरकार पक्षकार आहे म्हणून प्रत्येक नियम त्याच्या बाजूने झुकतो असेही नाही. आदेश २७ नियम ८अ नुसार हुकूमनाम्याला स्थगिती मागताना शासनाला तारण द्यावे लागत नाही. पश्चिम बंगाल सरकारने लवादाच्या निवाड्याला स्थगिती मागताना हाच नियम पुढे केला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले की लवाद कायद्याच्या कलम ३६ मध्ये शासनाला वेगळी वागणूक नाही; संहितेचा विचार तिथे मार्गदर्शनापुरता होतो, त्यामुळे रक्कम भरण्याची अट शासनालाही घालता येते. तिथे कायदा आणि नियम यांच्या भांडणात कायदा जिंकला, आणि हरले ते सरकार.

हुकूमनामा मिळाल्यावरही राज्यापुरते कलम ८२ लक्षात ठेवा : हुकूमनाम्याच्या तारखेपासून तीन महिने त्याची पूर्तता न होता गेल्याशिवाय राज्याविरुद्ध दरखास्त (अंमलबजावणीचा अर्ज) चालत नाही. तो पल्ला अजून दूर आहे. त्याआधी आदेश २७ नियम ५ब चा उपयोग करून पाहावा. सरकार पक्षकार असलेल्या दाव्यात तडजोडीसाठी सर्वतोपरी प्रयत्न करणे हे तो नियम न्यायालयाचे कर्तव्यच ठरवतो आणि त्यासाठी सुनावणी पुढे ढकलण्याची मुभा देतो. रस्त्याचे काम अर्धवट थांबलेले असल्याने उरलेल्या गाळ्याच्या बाबतीत राज्यालाही घाई असणार. मोबदल्याच्या रकमेचा लेखी प्रस्ताव घेऊन पुढच्या तारखेला हा अर्ज द्यावा, आणि अंतरिम अर्जाच्या सुनावणीपूर्वी तो निशाणीवर घेतला जाईल असे पाहावे.